बूस्टर घेण्याआधी डीबीचा हिशेब
दुसरा-तिसरा टीव्ही लावताना स्प्लिटर कोणता, अँप्लिफायर कधी आणि खर्च किती

घरात दुसरा टीव्ही आला, की पहिल्याचं चित्र फुटायला लागतं. पडद्यावर चौकोन उमटतात, आवाज तुटतो, मालिका ऐन प्रसंगात अडकते. केबलवाल्याला फोन केला, तर उत्तर ठरलेलं असतं: "सिग्नल वीक आहे, बूस्टर लावून घ्या." मग नाशकातल्या एमजी रोडवरून सात-आठशे रुपयांचा अँप्लिफायर येतो. त्याने कधी चित्र सुधारतं, कधी आहे तेही बिघडतं. पुष्कळदा त्या घराला गरज असते ती एका धड स्प्लिटरची आणि चार चांगल्या पिनांची. आपल्या घराला यातलं नेमकं काय लागेल, हे दुकानाची पायरी चढण्याआधी कागदावर मांडता येतं. हिशेब बेरीज-वजाबाकीचा आहे, तो कुणालाही जमतो.

मुंग्या गेल्या, चौकोन आले

केबलच्या सक्तीच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात देशातली ३८ शहरं होती आणि नाशिक त्यातलंच एक. ३१ मार्च २०१३ ही त्याची मुदत होती. त्याआधीच्या ॲनालॉग केबलमध्ये सिग्नल कमी झाला, की पडद्यावर मुंग्या यायच्या. चित्र पांढुरकं व्हायचं, पण क्रिकेटचा स्कोअर तरी कळायचा. डिजिटलमध्ये मधली अवस्था जवळजवळ नाही. सिग्नल एका मर्यादेच्या वर असेपर्यंत चित्र स्वच्छ असतं. मर्यादेखाली गेला, की आधी चौकोन येतात आणि मग पडदा काळा होतो.

म्हणून 'काल तर छान दिसत होतं' या वाक्याला फारसा अर्थ नाही. काल तुम्ही मर्यादेच्या जेमतेम वर असाल आणि आज जेमतेम खाली. एवढा फरक पडायला ऊनही पुरतं. तांब्याची वायर तापली, की तिच्यातली सिग्नलची घट दर अंशाला साधारण ०.२ टक्के वाढते. नाशकात डिसेंबरच्या पहाटे दहा अंश आणि एप्रिलच्या दुपारी चाळीस, म्हणजे तीस अंशांचा फरक. खांबापासून घरापर्यंतच्या वायरीत ३० डीबी जात असतील, तर उन्हाळ्यात जवळपास दोन डीबी जास्त जातील. हिवाळ्यात नीट चालणारा टीव्ही उन्हाळ्याच्या दुपारी फुटतो, त्यामागे हे कारण असू शकतं.

किती डीबी हवेत?

केबलवाल्याच्या भाषेत सिग्नलची 'लेव्हल' डीबीमध्ये सांगतात. पूर्ण नाव डीबी मायक्रोव्होल्ट. यातली एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे: तीन डीबी कमी म्हणजे ताकद निम्मी, दहा डीबी कमी म्हणजे एक दशांश.

आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या केबल मानकाप्रमाणे ग्राहकाच्या टोकाला ६४ क्वॅम पद्धतीच्या सिग्नलसाठी ४७ ते ६७ डीबी लेव्हल असावी आणि २५६ क्वॅमसाठी ५४ ते ७४. तुमच्या ऑपरेटरची पद्धत कोणती, हे त्याचा तंत्रज्ञ सांगू शकतो. कळलं नाही, तर सेट-टॉप बॉक्सच्या तोंडाशी ५५ ते ६५ हे लक्ष्य धरा. ते दोन्हींना चालतं. इथे वरची मर्यादाही आहे, हे विसरू नका. सिग्नल फार जास्त झाला तरी चित्र अगदी तसंच फुटतं.

लेव्हलसोबत दुसरा आकडा विचारायचा तो एमईआरचा, म्हणजे सिग्नलच्या शुद्धतेचा. ६४ क्वॅमला तीसच्या आसपास आणि २५६ क्वॅमला तेहतीसच्या आसपास मिळत असेल, तर ऋतूंचा फरक पचून जातो. लेव्हल भरपूर आणि एमईआर कमी असेल, तर अँप्लिफायरने काहीही सुधारणार नाही.

कुठे किती जातात

घरातल्या सिग्नलचा जमाखर्च मांडताना जमेच्या बाजूला एकच नोंद असते: घरात शिरताना मिळालेली लेव्हल. बाकी सगळा खर्च.

दोन वाटांचा स्प्लिटर प्रत्येक वाटेवर साधारण ४ डीबी खातो. तीन समान वाटांचा ६, चार वाटांचा साडेसात आणि आठ वाटांचा अकरा-बारा. तीन वाटांचा असमान प्रकारही मिळतो. त्यात एका वाटेवर ४ आणि उरलेल्या दोन वाटांवर साडेसात जातात. चारची वाट लांबच्या खोलीला द्यायची.

आरजी-६ वायर वरच्या फ्रिक्वेन्सीला दर दहा मीटरला सुमारे २ डीबी खाते. खालच्या फ्रिक्वेन्सीला घट याच्या निम्म्याहूनही कमी असते. म्हणून लांब वायर असलेल्या घरात काही चॅनेल ठणठणीत दिसतात आणि काही फुटतात. एका फ्रिक्वेन्सीवर अनेक चॅनेल एकत्र येत असल्यामुळे ते गटाने फुटतात. कोणते चॅनेल जातात त्यांची यादी करून ठेवा, तंत्रज्ञाला तिचा थेट उपयोग होतो.

नीट बसवलेल्या पिना आणि जोड मिळून एखादा डीबी धरा. गंजलेला, पाणी शिरलेला किंवा नुसता पिळून टेप गुंडाळलेला जोड मात्र किती खाईल, याचा नेम नाही.

स्प्लिटरची एखादी वाट रिकामी सोडली, तर सिग्नल तिथून परत फिरतो आणि बाकीच्या टीव्हींना त्रास देतो. त्या तोंडावर ७५ ओहमचा टर्मिनेटर बसवावा. त्याहून बरं म्हणजे जेवढे टीव्ही तेवढ्याच वाटांचा स्प्लिटर घ्यावा. 'पुढे लागेल' म्हणून घेतलेला आठ वाटांचा स्प्लिटर आजच्या दोन टीव्हींकडून सात-आठ डीबीचा दंड वसूल करतो.

आधी फुकटची तपासणी

पैसे काढण्याआधी अर्धा तास काढा. बॉक्स आणि टीव्ही उचलून वायर घरात शिरते तिथे न्या. मधला स्प्लिटर, जुना बूस्टर, जोड सगळं बाजूला ठेवून बाहेरून आलेली वायर सरळ बॉक्सला लावा. टीव्ही भिंतीवर असेल तर शेजारचा छोटा टीव्ही तासभर मागून आणा.

इथेही चित्र फुटत असेल, तर दोष घराबाहेर आहे. घरात एक रुपयाही खर्च करू नका, ऑपरेटरकडे तक्रार नोंदवा. इथे स्वच्छ दिसलं, तर दोष आतल्या वायरिंगमध्ये आहे. आता एकेक वस्तू परत जोडत जा. जिच्यानंतर चित्र फुटेल, ती गुन्हेगार.

बऱ्याच बॉक्सच्या मेनूत सिग्नलची माहिती देणारं पान असतं. तिथे ताकद आणि गुणवत्ता टक्क्यांत किंवा डीबीत दिसते. टक्क्यांवरून दोन वेगवेगळ्या बॉक्सची तुलना करू नका. पण एकाच बॉक्सवर 'आधी' आणि 'नंतर' पाहायला हे पान उत्तम. दोन्ही आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

खांबावरचा अँप्लिफायर किंवा नोड घराला खेटून असेल, तर सिग्नल जास्त झाल्याची शंका घ्या. हाताशी असलेला दोन वाटांचा स्प्लिटर मुद्दाम मध्ये लावून पाहा. चार डीबी कमी झाल्यावर चित्र सुधारलं, तर तुम्हाला बूस्टर नको, उलट सिग्नल कमी करणारा अटेन्युएटर हवा.

बाजारभाव

खालचे आकडे किरकोळ बाजारातले अंदाजी आहेत. ब्रँड आणि दुकान बदललं की थोडे हलतील, पण बजेट मांडायला पुरतील.

दोन वाटांचा स्प्लिटर: ४० ते १५० रुपये
तीन किंवा चार वाटांचा स्प्लिटर: ८० ते २५० रुपये
एफ पिन: साधी फिरवायची ५ ते १० रुपये, कम्प्रेशनची १५ ते ३० रुपये
७५ ओहमचा टर्मिनेटर: १० ते ३० रुपये
अटेन्युएटर: ३० ते १०० रुपये
आरजी-६ वायर: मीटरला १२ ते ३० रुपये
घरगुती अँप्लिफायर: ३५० ते १,००० रुपये
खासगी तंत्रज्ञाची मजुरी: २०० ते ५०० रुपये

स्प्लिटर घेताना त्यावर ५ ते १००० मेगाहर्ट्झ असं छापलेलं आणि प्रत्येक वाटेची घट डीबीत लिहिलेली पाहा. काहीच छापलेलं नसेल तर तो परत ठेवा. वायरीत पैसे वाचवू नका. जाळी विरळ असलेली स्वस्त वायर बाहेरचे सिग्नल आत घेते. २०२२ च्या लिलावानंतर ५जीसाठी वापरात आलेला ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा केबलच्याच फ्रिक्वेन्सींमध्ये बसतो. मोबाइल टॉवरजवळच्या घरात ढिल्या पिना आणि विरळ जाळी यांमुळे एखादाच चॅनेल-गट सतत फुटत राहू शकतो. तिथे अँप्लिफायर लावला, तर चॅनेलसोबत तो उपद्रवही मोठा होतो.

तीन घरं, तीन हिशेब

नाशकात नेहमी भेटणाऱ्या तीन प्रकारच्या घरांचं गणित मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या घरात शिरणारी लेव्हल तंत्रज्ञाच्या मीटरवरच कळेल.

सिडकोतलं दोन खोल्यांचं घर, टीव्ही दोन. शिरताना ६५ डीबी. दोन वाटांचा स्प्लिटर ४, पंधरा मीटर वायर ३, पिना १. उरले ५७. अँप्लिफायरची गरज नाही. खर्च: स्प्लिटर १००, वायर ३००, चार कम्प्रेशन पिना ८०, मजुरी २५०. एकूण ७३० रुपये.

रविवार कारंजा, भद्रकालीकडचा जुना वाडा. चार भावांचे चार टीव्ही, प्रत्येकाचा बॉक्स वेगळा, पण वायर एकच. जसजसे टीव्ही वाढले, तसतसा एका स्प्लिटरच्या पुढे दुसरा, दुसऱ्याच्या पुढे तिसरा लागत गेला. शिरताना ६८ डीबी असले, तरी शेवटच्या दोन भावांपर्यंत तीन स्प्लिटरांत १२, वीस मीटर वायरीत ४ आणि जुन्या जोडांत २ गेले. उरले ५०. तिन्ही स्प्लिटर काढून एकच चार वाटांचा लावला आणि पिना बदलल्या, तर ६८ वजा साडेसात, वजा ४, वजा १ म्हणजे साडेपंचावन्न. पहिल्या भावाचा सिग्नल थोडा कमी होईल, पण चौघांनाही पुरेल. मात्र प्रत्येकाची वायर सुरुवातीच्या त्या एका जागेपासून निघायला हवी. असलेल्या वायरी वळवता आल्या, तर स्प्लिटर १५०, पाच पिना १०० आणि मजुरी २५०, मिळून ५०० रुपये. नव्या वायरी ओढायच्या तर मीटरला वीस रुपयांप्रमाणे वाढवा.

इंदिरानगर, गोविंदनगरकडचं तीन मजली रो-हाउस. टीव्ही तीन, स्प्लिटर चार वाटांचा, चौथी वाट उघडी. शिरताना ६२ डीबी. वरच्या मजल्यापर्यंत स्प्लिटर साडेसात, तीस मीटर वायर ६, पिना १. उरले साडेसत्तेचाळीस. तीन समान वाटांचा स्प्लिटर लावला तर ४९ होतात. असमान लावून चारची वाट वर दिली तर ५१, पण मग खालच्या टीव्हीला पाच मीटर वायर धरून साडेबावन्न उरतात. ६४ क्वॅमला हे चालेल, २५६ क्वॅमला चौपन्नच्या खालीच. बूस्टरचा सल्ला इथे मात्र खरा ठरतो. स्प्लिटरच्या आधी अँप्लिफायर लावून १० डीबी वाढवले आणि तीन समान वाटा केल्या, तर वर ५९ आणि खाली ६४ मिळतात. खर्च: अँप्लिफायर ८००, स्प्लिटर १५०, आठ पिना १६०, मजुरी ४००. एकूण १,५१० रुपये.

अँप्लिफायर घ्यायचाच असेल तर

जागा महत्त्वाची. तो घरात वायर शिरते तिथे, स्प्लिटरच्या आधी बसवा. वरच्या मजल्यावर टीव्हीच्या मागे लावला, तर वाटेत दुबळा झालेला सिग्नल आणि त्यात मिसळलेला गोंगाट दोन्ही सारखेच मोठे होतात. लेव्हल वाढते, एमईआर नाही. उलट अँप्लिफायर स्वतःचा थोडा गोंगाट भरतो, त्यामुळे एमईआर किंचित घसरतोच.

खोक्यावर 'चाळीस डीबी' लिहिलंय म्हणून भुलू नका. घराला दहा ते वीस पुरतात. गेन, म्हणजे वाढीचं प्रमाण, कमी-जास्त करता येणारा घ्या आणि गेन तळापासून हळूहळू वाढवा. चित्र स्थिर झालं आणि मीटरवर थोडी शिल्लक दिसली, की थांबा. पूर्ण फिरवलेला गेन सिग्नल विकृत करतो. एकामागे एक दोन अँप्लिफायरही लावू नका.

त्याच वायरीवर केबल इंटरनेटचा मोडेम असेल, तर दुकानात आधी सांगा. मोडेमला माहिती उलट्या दिशेनेही पाठवावी लागते. परतीची वाट नसलेल्या अँप्लिफायरने टीव्ही सुधारेल आणि इंटरनेट बंद पडेल.

आणखी एक खर्च खोक्यावर छापलेला नसतो. पाच वॅटचा अँप्लिफायर चोवीस तास चालू राहिला, तर वर्षाला सुमारे ४४ युनिट होतात. महावितरणच्या बिलात सगळे आकार धरून युनिटला आठ ते बारा रुपये पडत असतील, तर वर्षाचे ३५० ते ५३० रुपये. दोन वर्षांत अँप्लिफायरची किंमत विजेत जाते. शिवाय मे महिन्यात वळीव गडगडायला लागला, की त्याचा प्लग आणि बॉक्सची वायर दोन्ही काढून ठेवावे लागतात.

दुसऱ्या टीव्हीचा दरमहा खर्च

स्प्लिटरने सिग्नल वाटला जातो, कनेक्शन नाही. दुसऱ्या टीव्हीवर वेगळा चॅनेल पाहायचा, तर दुसरा सेट-टॉप बॉक्स आणि त्याचं शुल्क आलंच. बॉक्स विकत, हप्त्याने की भाड्याने, आणि बिघडल्यावर बदलून मिळणार का, हे पावतीवर लिहून घ्या.

दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२० च्या नियमांत २०० चॅनेलपर्यंतच्या नेटवर्क शुल्काला १३० रुपयांची, त्यापुढे १६० रुपयांची मर्यादा होती. एकाच घरातल्या दुसऱ्या टीव्हीला पहिल्याच्या चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त शुल्क लावता येत नव्हतं. जुलै २०२४ मध्ये ट्रायने १३० आणि १६० ची मर्यादा काढून टाकली. जोडणी, घरभेट यांसारख्या शुल्कांवरची बंधनंही उठवली, पण दर जाहीर करण्याचं बंधन ऑपरेटरवर ठेवलं. म्हणून आता घासाघीस करायला जागा आहे. दुसऱ्या बॉक्सवर आई-बाबांना लागणारे मोजकेच चॅनेल ठेवायचे असतील, तर तसं सांगा. पहिल्या टीव्हीचं सगळं पॅकेज त्यावर घ्यायची सक्ती नाही. सांगितलेल्या दरात १८ टक्के जीएसटी धरलाय का, तेही विचारा.

दोन्ही खोल्यांत तोच चॅनेल चालणार असेल, तर दुसरा बॉक्सच नको. एका बॉक्सच्या एचडीएमआयचे दोन भाग करून काम होतं.

डिश किंवा फायबर असेल तर

वरचा हिशेब केबलचा आहे. डीटीएचच्या किंवा डीडी फ्री डिशच्या छत्रीवरून येणाऱ्या वायरीला केबलचा स्प्लिटर लावू नका. तिथली फ्रिक्वेन्सी ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ असते आणि त्याच वायरीतून बॉक्स छत्रीकडे १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो. दोन बॉक्ससाठी छत्रीवर बसणारा दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन स्वतंत्र वायरी हा सरळ मार्ग.

घरापर्यंत फायबर आली असेल, तर तिच्या डब्यातून निघणारी तांब्याची वायर ही तुमची सुरुवात. फायबर स्वतः कापू, वाकवू किंवा जोडू नका.

ऑपरेटरचं काम कुठपर्यंत?

घरात शिरणारा सिग्नल पुरेसा आणि शुद्ध देणं हे ऑपरेटरचं काम. रस्ता खोदताना वायर तुटली, खांबावरच्या टॅपमध्ये पाणी शिरलं, इमारतीतला अँप्लिफायर जळाला, तर त्याचा खर्च तुमच्या माथी येऊ नये. तंत्रज्ञ आला, की त्याला एवढंच म्हणा: "दादा, मीटर लावून लेव्हल आणि एमईआर दाखवा. सगळ्यात खालच्या फ्रिक्वेन्सीला आणि सगळ्यात वरच्याही." मीटर न लावता बूस्टर सुचवणाऱ्याला पैसे देऊ नका.

तक्रार ग्राहक सेवा क्रमांकावर नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. गल्लीतल्या केबलवाल्याला तोंडी सांगणं ही नोंद नव्हे. तिथे दाद लागली नाही, तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जा. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तिकडे पत्र पाठवण्यात वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. पाच लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या सेवेच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. आकड्यांचे फोटो आणि तक्रार क्रमांक इथे कामी येतात.

खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी फुकटची तपासणी, मग पिना, मग स्प्लिटर, मग वायर आणि सगळ्यात शेवटी अँप्लिफायर. बाहेरच्या पिनांवर पावसाळ्यापूर्वी नवी टेप गुंडाळा आणि भिंतीतून आत शिरण्याआधी वायरीला खाली झुकता वळसा द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल. काम संपल्यावर प्रत्येक टीव्हीची लेव्हल आणि तारीख कागदावर लिहून तो स्प्लिटरशेजारी चिकटवा. पुढच्या वेळी चित्र फुटलं, तर तंत्रज्ञाला किती डीबी गेले, हे तुम्हीच सांगू शकाल.